डोळ्याजवळ काठी घुसली तर ओढू नका; डॉक्टरांना 'लाकूड लागलंय' हे आवर्जून सांगा

मावळ : राबासाठी टहाळ तोडणे, करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घालणे, बांबू फोडणे, सरपणाची मोळी आणणे ही मावळातली नेहमीची कामे. पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याच्या निसरड्या वाटांवर घसरून झुडपात पडण्याचा धोकाही असतोच. अशा वेळी फांदीचं टोक पापणीतून डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतं. बाहेर जखम बारीक दिसते, आत मात्र तुकडा मोडून राहिलेला असू शकतो.

धोका काय?

मोठ्या माणसाची खोबण साधारण ४ ते ५ सेंटिमीटर खोल असते. तिच्या वरच्या पातळ हाडापलीकडे मेंदू असतो, तर नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते. लाकूड सच्छिद्र असल्याने त्यात जंतू आणि बुरशी टिकून राहते. तुकडा आत राहिला तर पू होतो, जखम भरून पुन्हा वाहू लागते. नजर जाऊ शकते, संसर्ग मेंदूपर्यंतही पोचू शकतो.

तपासणीत चकवा

काच किंवा लोखंड सीटी स्कॅनमध्ये सहसा लगेच दिसतं. कोरडं लाकूड मात्र हवेसारखं काळं दिसतं. काही दिवसांनी ते ओलं झालं की आजूबाजूच्या मांसात मिसळून जातं. म्हणून लाकडाचा संशय आहे हे आधीच सांगणं गरजेचं. गरज पडल्यास एमआरआय करतात. पण आत लोखंड असण्याची शक्यता असेल तर एमआरआय करत नाहीत.

शस्त्रक्रिया कशी होते?

रुग्णाला पूर्ण भूल देतात. जखमेच्या वाटेने किंवा पापणीजवळ वेगळा छेद घेऊन तुकडा काढतात. खोल असेल तर बाजूचं थोडं हाड तात्पुरतं बाजूला करावं लागतं. लाकूड ठिसूळ, त्यामुळे बारीक कुसळं राहिली नाहीत ना हे पाहून जखम धुतात. पू किंवा तुकडा जंतू व बुरशीच्या तपासणीला पाठवतात. बुबुळ किंवा डोळा फाटला असेल तर तोही शिवतात. टोक मेंदूकडे गेलं असेल तर मेंदूचे सर्जन, नाकाकडे असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञ सोबत लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक देतात.

जागेवर काय करावं?

- घुसलेली काठी ओढू नका, हलवू नका.
- डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. हळद, दूध, झाडपाल्याचा रस, घरातले जुने ड्रॉप काहीही घालू नका.
- कागदी कप डोळ्यावर हाडाला टेकवून चिकटपट्टीने बसवा. काठी बाहेर असेल तर कपाला भोक पाडा.
- नाक शिंकरू देऊ नका. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागते.
- मोडलेल्या फांदीचा उरलेला तुकडा सोबत न्या. किती आत राहिलं याचा अंदाज येतो.

कुठे जावं?

१०८ ला फोन करावा; ही रुग्णवाहिका मोफत आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार घेऊन, डोळे, मेंदू आणि नाक-कान-घसा हे तिन्ही विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जाणं सोयीचं. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. रेशन कार्ड, आधार कार्ड जवळ ठेवावं. सरकारी योजनेबाबत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

जखम भरली तरी लक्ष ठेवा

डोळा पुढे आला, एकाची दोन दिसू लागली, नजर कमी झाली, ताप, डोकेदुखी, उलटी किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव सुरू झाला तर लगेच दवाखाना गाठावा. आठवडे उलटून पापणीतून पू येत असेल, तर पूर्वी काठी लागली होती हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.