खांद्याची कुळकथा

रंगभूमीवर प्रेक्षकांकडे पाठ करणं हा नटाचा अपराध. नवख्याला तालमीत पहिला ओरडा बसतो तो बहुधा यावरूनच. सिनेमात मात्र दोघांचं बोलणं सुरू झालं की पडद्याच्या कोपऱ्यात कुणाची तरी पाठ, अर्धा कान आणि खांदा हजर. हिंदी-मराठी सेटवर याला ‘सजेशन’ म्हणतात. ‘‘क्लोज तिचा, सजेशन तुझं,’’ एवढं म्हटलं की नट समजून जातो: या शॉटमध्ये आपल्याला चेहरा नाही.

हा खांदा मागाहून आला. आरंभीचा कॅमेरा म्हणजे नाटकाला मधल्या रांगेत बसलेला प्रेक्षक. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही (१९१३) दृश्यं बहुतेक समोरूनच घेतलेली, माणसं पायापर्यंत दिसणारी. अमेरिकेत व्हिटाग्राफ कंपनीनं १९०९च्या सुमारास नटांना कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवरच्या रेषेपर्यंत पुढे येऊ दिलं. पावलं चौकटीबाहेर गेली, चेहरे वाचता येऊ लागले. माणसं इतकी जवळ आल्यावर एखाद्यानं कॅमेऱ्याकडे पाठ केली तरी चालू लागलं.

पुढची पायरी मोठी होती. एसॅने कंपनीच्या ‘द लोफर’ या १९१२च्या छोट्या चित्रपटात भांडणारी दोन माणसं आलटून-पालटून, समोरासमोरच्या बाजूंनी दिसतात. एक चौकटीबाहेर बघतो, पुढच्या शॉटमध्ये दुसरा उलट दिशेनं बघतो, आणि दोघं एकमेकांकडेच बघताहेत हे प्रेक्षक आपणहून जुळवतो. दोघांमधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्यानं ओलांडू नये, हा दंडक यातूनच घट्ट झाला. ओलांडली तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूनं हा दंडक आयुष्यभर खुशाल मोडला आणि नटांना जवळजवळ भिंगातच बघायला लावलं; त्याचं काही बिघडलं नाही.

मग बोलपट आला आणि सगळं काही काळ मागे गेलं. कॅमेऱ्याची घरघर माइक टिपायचा, म्हणून कॅमेरा कॅमेरामनसकट बंद खोक्यात कोंडला गेला, आणि नट माइकपाशी खिळले. ‘द वाइल्ड पार्टी’च्या (१९२९) वेळी दिग्दर्शिका डोरोथी आर्झनरनं माइक मासेमारीच्या काठीला टांगून नायिका क्लारा बोच्या डोक्यावर धरायला लावला, असं सांगतात. माइक टांगणारा बूम आला, कॅमेऱ्यावर आवाज दाबणारं आवरण आलं, तेव्हा कुठे कॅमेरा पुन्हा मोकळा फिरू लागला. १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये खांद्यावरून घेतलेला शॉट रुळला तो त्यानंतर. माझ्या मते याला कारण कलेइतकंच संवादांची लांबी. दोन-दोन पानांचं बोलणं नुसत्या सुट्या चेहऱ्यांवर दाखवलं तर दोघं एका खोलीत आहेत हेच विसरायला होतं. कोपऱ्यातला खांदा ते विसरू देत नाही.

सेटवर हे काम फार रुक्ष असतं. आधी मास्टर, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून. मग एका बाजूचं लायटिंग करून नायिकेची सगळी वाक्यं नायकाच्या खांद्यावरून. नंतर दिवे, कॅमेरा सगळं उलटं फिरवून नायकाची. खांदा चेहरा झाकत असेल तर खांदेवाला ‘चीट’ करतो, इंचभर सरकतो. एरवी विचित्र वाटेल अशा कोनात उभा राहतो; पडद्यावर ते नैसर्गिक दिसतं. बुटका असेल तर पायाखाली लाकडी पेटी. मास्टरमध्ये कप उजव्या हातात होता की डाव्या, यावर एखादा सहायक डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो.

दैनंदिन मालिकांत तर दोघं एकत्र असण्याचीही गरज उरलेली नाही. तारखा जुळल्या नाहीत की तोच शर्ट घातलेला डमी सजेशन देतो, नायकाची वाक्यं एखादा सहायक कोऱ्या आवाजात वाचतो, आणि नायिका त्या खांद्याकडे बघून रडते. नायकाचे क्लोज दुसऱ्या दिवशी घेतात. त्या दिवशी खांदा नायिकेच्या डमीचा असतो.