वऱ्हाडचा चिखल आणि आगगाडी

पावसाळ्यात अकोला-अमरावतीकडच्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर रुतला, की चालक जितका जोर लावतो तितके चाक खोल जाते. याच मातीने कधी काळी वऱ्हाडचा सारा कापूसव्यापार वेठीस धरला होता.

रेल्वेपूर्वी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. अंतर सुमारे 800 किलोमीटर. वाटेत पावसाने गाठले, की भिजलेले ओझे दुप्पट जड वाटे आणि काळ्या मातीत बैल पोटापर्यंत रुतत. कापूस सडे, जनावरे मरत, तांडाच बुडे. ही चिकणमाती पाणी शोषून फुगते, उन्हात भेगाळते. वर घातलेली खडीही ती गिळते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा निचरा आणखी मंद.

जीआयपी रेल्वेचे प्रवर्तक जॉन चॅपमन यांनी 1851 साली हिंदुस्थानच्या कापसावर ग्रंथच लिहिला. मँचेस्टरला कापूस हवा होता, म्हणून इथे रूळ हवे होते. (शेतकऱ्याची कणव हे कारण नव्हते.) 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला, 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची शाखा खुली झाली, पुढच्या वर्षी बडनेरा-अमरावती.

शेत ते स्टेशन हा टप्पा मात्र मातीचाच राहिला. तिथे रुतलेल्या बंडीला जादा बैलजोडी जुंपत. आज आधी ट्रॉली सोडवतात, चाकापुढचा चिखल उकरतात, दुसरा ट्रॅक्टर साखळीने जोडतात, आणि चाकाखाली अंथरतात त्या कापसाच्याच पऱ्हाट्या.