भारतातील परिचर्या प्रशासनाचे शिक्षण आणि अधिकारपदे : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : परिचर्या प्रशासन, अधिसेविका, भोर समिती, सैनिकी परिचर्या सेवा, परिचर्या शिक्षण

प्रस्तावना

आधुनिक रुग्णालयाच्या इतिहासात डॉक्टरांचे कार्य, नवी औषधे आणि शस्त्रक्रियेतील शोध यांना मोठे स्थान मिळाले आहे. रुग्णालय दिवसाचे चोवीस तास चालू ठेवणाऱ्या परिचर्या व्यवस्थेचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला. त्यातही परिचारिकांच्या कामाचे नियोजन, देखरेख आणि प्रशिक्षण करणाऱ्या परिचर्या प्रशासकांचा विचार फारच थोडा झाला आहे. परिचर्या प्रशासन हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र म्हणून भारतात कसे उदयास आले, त्या शिक्षणातून कोणती पदे उपलब्ध झाली आणि त्या पदांना प्रत्यक्षात किती अधिकार लाभला, या तीन प्रश्नांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नागरी आरोग्यसेवेत प्रशासनाचे शिक्षण लवकर आले, परंतु त्या शिक्षणाला साजेसा अधिकार मात्र फार मागे राहिला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मेट्रनपदाचा उगम

क्रिमियन युद्धातील (१८५४-५६) कार्यानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू केली. या शाळेचे महत्त्व सामान्यतः परिचर्येच्या शिक्षणापुरते सांगितले जाते. तथापि नाइटिंगेल यांच्या विचारात प्रशासनाचा प्रश्न तितकाच मध्यवर्ती होता. परिचारिकांची नेमणूक, शिस्त आणि देखरेख ही डॉक्टर किंवा रुग्णालयाचे व्यवस्थापक यांच्या हाती न राहता एका प्रशिक्षित स्त्री-प्रमुखाच्या हाती असावी, असा त्यांचा आग्रह होता. मेट्रन या पदाला आधुनिक अर्थ प्राप्त झाला तो या भूमिकेतून. या शाळेत शिकलेल्या अनेक परिचारिका पुढे अन्य रुग्णालयांत प्रमुखपदी गेल्या आणि ही पद्धत ब्रिटिश साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांत पोहोचली.

अमेरिकेत या विषयाने विद्यापीठाची वाट धरली. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १८९९ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांसाठी रुग्णालय-अर्थव्यवस्था या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. परिचारिकांना शाळाप्रमुख व प्रशासक म्हणून तयार करणे हा त्याचा उद्देश होता. १९०७ मध्ये अ‍ॅडलेड नटिंग यांची तेथे प्राध्यापकपदी नेमणूक झाली आणि परिचर्या प्रशासन हा शिकण्या-शिकवण्याचा विषय आहे, ही कल्पना रूढ होऊ लागली.

वसाहतकालीन भारत

भारतात या पदाचा प्रवेश लष्करी आणि नागरी अशा दोन मार्गांनी झाला. १८८८ मध्ये दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. लष्करी रुग्णालयांतील परिचर्या संघटित करणे हे त्यांचे काम होते. नागरी क्षेत्रात मुंबईचे कामा रुग्णालय (१८८६) आणि मिरजेचे वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय (१८९४) यांसारख्या संस्था उभ्या राहत होत्या. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांची नोंद प्रशिक्षित परिचर्येकडे वळलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये केली जाते. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. परक्या रुग्णाला, त्यातही परजातीच्या पुरुषाला स्पर्श करणे तत्कालीन उच्चवर्णीय समाजास निषिद्ध वाटत होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या प्रयत्नाचे मोल कळते.

तथापि भारतीय स्त्रिया वॉर्डात येत असताना प्रमुखपदे बहुतांशी युरोपीय स्त्रियांकडेच होती. या संदर्भात एक घटना बोलकी आहे. भारतातील परिचारिकांची पहिली अखिल भारतीय संघटना १९०५ मध्ये लखनौ येथे स्थापन झाली. तिचे नाव परिचर्या अधीक्षिकांची संघटना असे होते आणि रुग्णालयांत प्रशासकीय पदे भूषविणाऱ्या नऊ युरोपीय परिचारिका तिच्या संस्थापक होत्या. सर्वसामान्य प्रशिक्षित परिचारिकांची संघटना त्यानंतर, १९०८ मध्ये निघाली आणि १९२२ मध्ये दोन्ही संघटनांचे एकीकरण होऊन आजची भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटना साकार झाली. व्यवसायाचा आवाज प्रथम प्रशासकांच्या मुखातून उमटला आणि त्या प्रशासक भारतीय नव्हत्या, या दोन्ही गोष्टी पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

१९४३ : दोन समांतर घटना

दुसऱ्या महायुद्धाने परिचारिकांची तीव्र टंचाई उघड केली. त्याच काळात, १९४३ या एकाच वर्षी, दोन निर्णय झाले. पहिला, दिल्लीत परिचर्या प्रशासन शाळा स्थापन झाली. प्रशिक्षित परिचारिकांना अध्यापन आणि प्रशासन यांसाठी तयार करणे हे तिचे उद्दिष्ट होते. पुढे १९४६ मध्ये याच शाळेतून दिल्लीचे परिचर्या महाविद्यालय उभे राहिले आणि दिल्ली विद्यापीठाची परिचर्या विषयातील पदवी सुरू झाली. त्याच वर्षी वेल्लोर येथेही पदवी अभ्यासक्रमाचा प्रारंभ झाला. म्हणजेच दिल्लीपुरते पाहता, परिचर्येच्या पदवीपूर्वी परिचर्या प्रशासनाचे शिक्षण आले.

दुसरा निर्णय सैन्याशी संबंधित होता. १९४३ च्या अध्यादेशाने सैनिकी परिचर्या सेवेस सशस्त्र दलांचा भाग म्हणून स्थान मिळाले आणि तिच्या सदस्यांना अधिकारी दर्जाची सनद प्राप्त झाली. या सेवेच्या प्रमुख गर्ट्रूड अ‍ॅलिस राम १९७६ मध्ये मेजर जनरल झाल्या. भारतीय सशस्त्र दलांत या हुद्द्यावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला होत.

या दोन निर्णयांची तुलना उद्बोधक आहे. लष्कराने परिचारिकेला हुद्दा दिला, आणि हुद्द्याबरोबर बढतीची पायरी, आज्ञा देण्याचा अधिकार व सन्मानाची निश्चित चौकट आली. नागरी क्षेत्राने तिला शिक्षण दिले, परंतु त्या शिक्षणानंतर तिने कोणत्या पदावर, कोणत्या अधिकाराने काम करावे याची चौकट सुस्पष्ट केली नाही. लष्करी सेवेतही समान दर्जाविषयीचे वाद उद्भवले, हे खरे आहे. तरीही शिक्षण आणि अधिकार यांची सांगड घालण्याचे दोन भिन्न मार्ग एकाच वर्षी भारतात खुले झाले होते, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील समित्या

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने परिस्थितीचे गांभीर्य आकड्यांत मांडले. देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. डॉक्टरांचे प्रमाण ६,३०० लोकसंख्येमागे एक होते, तर परिचारिकांचे ४३,००० लोकसंख्येमागे एक. डॉक्टरांपेक्षा परिचारिकांची संख्या कमी असणे ही आरोग्यव्यवस्थेची विपरीत रचना होती. जिथे एका परिचारिकेवर असंख्य रुग्णांचा भार असतो, तिथे प्रशासक परिचारिकेचा बहुतेक वेळ रिकाम्या जागा भरून काढण्यात जातो. ड्यूटीचा तक्ता, रजा, कपडे, साहित्याचा साठा आणि वसतिगृहाची देखरेख यांतच तिचे पद अडकून पडते.

१९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि शिक्षणाच्या दर्जात एकसूत्रीपणा आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. टी. के. अद्रानवाला यांनी १९४८ पासून सुमारे अठरा वर्षे केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयात परिचर्येचे सर्वोच्च पद सांभाळले. वसाहतकाळात युरोपीय स्त्रियांकडे असलेले नेतृत्व भारतीय स्त्रीकडे आल्याचे हे ठळक उदाहरण होय. १९५४ च्या शेट्टी समितीने परिचारिकांच्या सेवाशर्ती व वेतन यांचा विचार केला. १९६१ च्या मुदलियार समितीने पदवीधर परिचारिका, सर्वसाधारण परिचारिका आणि सहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका अशा तीन स्तरांची शिफारस केली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने ग्रामीण भागात बहुउद्देशीय आरोग्यसेविकांवर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षिकांची कल्पना मांडली.

१९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीने मात्र थेट अधिकाराच्या प्रश्नास हात घातला. केंद्र, राज्य व जिल्हा पातळीवर परिचर्येची सुसंघटित प्रशासकीय रचना असावी, अशी तिची भूमिका होती. चार दशकांनंतरही अशी शिफारस करण्याची गरज भासावी, यातच आधीच्या समित्यांच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन दडलेले आहे.

अभ्यासक्रम आणि व्यवसायसंधी

शिक्षणाच्या अंगाने पाहता प्रगती निश्चित झाली. दिल्लीच्या महाविद्यालयात १९५९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयाने १९६४ पासून पदवी शिक्षण उपलब्ध केले. परिचर्या शिक्षण व प्रशासन ही पदविका अनेक वर्षे सेवेतील परिचारिकांसाठी बढतीचा मार्ग होती. तिच्या नावातच अध्यापन व प्रशासन एकत्र आले होते, आणि त्यामुळे ती पूर्ण करणारी परिचारिका एकतर पाठ्यनिर्देशिका होई किंवा प्रशासनाकडे वळे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातील परिचर्या महाविद्यालये एका छत्राखाली आली. पदवी अभ्यासक्रमात परिचर्या व्यवस्थापनाशी संबंधित विषय आहे, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमात परिचर्या व्यवस्थापन सर्व शाखांना अनिवार्य आहे.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी पदांची चढती श्रेणी आहे. अध्यापनात पाठ्यनिर्देशिका ते प्राचार्य असा दुसरा मार्ग आहे. खाजगी रुग्णालयांच्या वाढीबरोबर परिचर्या संचालक, गुणवत्ता समन्वयक आणि संसर्ग नियंत्रण परिचारिका ही पदे पुढे आली. २००५ नंतर रुग्णालयांच्या राष्ट्रीय मान्यता मंडळाने दर्जाची मानके घालून दिल्यामुळे नोंदी ठेवणे, लेखापरीक्षण करणे व प्रशिक्षण देणे ही कौशल्ये असलेल्या परिचारिकांची मागणी वाढली.

या श्रेणीत एक विसंगती आहे. शासकीय सेवेत वरच्या पदांपर्यंतचा प्रवास प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने होतो. परिणामी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली परिचारिका बहुधा अध्यापनाकडे वळते आणि वॉर्डाचे प्रशासन अनुभवी, परंतु प्रशासनाचे औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या परिचारिकेकडे राहते. ज्ञान महाविद्यालयात आणि जबाबदारी रुग्णालयात, अशी फारकत होते. शिवाय अधिसेविकेने किती परिचारिका नेमाव्यात, किती निधी खर्च करावा, हे निर्णय सामान्यतः वैद्यकीय अधीक्षक किंवा त्यावरील कार्यालयाकडे असतात. परिचर्या परिषदेने अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक व सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण सुचविले होते. हे प्रमाण पाळले जात नाही तेव्हा रुग्णांच्या हालअपेष्टांचा जाब अधिसेविकेस द्यावा लागतो, परंतु रिक्त पद भरण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो.

ब्रिटनचा अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरतो. १९६६ च्या सॅमन समितीने मेट्रनपदाच्या जागी मुख्य परिचर्या अधिकाऱ्यापर्यंत जाणारी व्यवस्थापकीय श्रेणी सुचविली, परंतु १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालानंतर सर्वसाधारण व्यवस्थापक आले आणि परिचर्येचे स्वतंत्र व्यवस्थापन क्षीण झाले. मिळालेला अधिकार कायम टिकतोच असे नाही, हा त्याचा बोध.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भारतातील परिचर्या प्रशासनाचा इतिहास शिक्षणाच्या अभावाचा नाही. १९४३ पासून शिक्षणाची वाट खुली होती आणि ती विस्तारत गेली. उणीव राहिली ती या शिक्षणास पदाशी, आणि पदास निर्णयाधिकाराशी जोडण्यात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांतील परिचारिकेस परिचर्या अधिकारी हे नामाभिधान दिले. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्यात आयोगाच्या अध्यक्षपदी परिचर्येतील पदव्युत्तर पदवी व प्रदीर्घ अनुभव असलेली व्यक्ती असावी, अशी तरतूद आहे. व्यवसायाच्या नियमनात हे पाऊल स्वागतार्ह होय. रुग्णालयाच्या पातळीवर मात्र मनुष्यबळ, निधी व सेवेचा दर्जा यांविषयीच्या निर्णयांत अधिसेविकेस वाटा मिळणे आणि पदव्युत्तर शिक्षणास बढतीत निश्चित स्थान मिळणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास १९०५ मध्ये लखनौस जमलेल्या अधीक्षिकांच्या हाती जेवढा अधिकार होता, तेवढाही आजच्या उच्चशिक्षित भारतीय अधिसेविकेच्या वाट्यास येणार नाही. आरोग्य धोरणाचा विचार करणाऱ्यांनी या ऐतिहासिक विसंगतीची दखल घ्यावयास हवी.