खानदेशचा कातळ : नवख्या आरोहकासाठी प्रस्तावना

धुळ्याहून साक्रीकडे किंवा नंदुरबारकडे निघालात की शेतांच्या मधूनच काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उठलेल्या दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडत होते. त्या काळात जमिनीच्या भेगांत शिरलेला लाव्हा आतल्या आत थिजला. पुढे आजूबाजूचा कमकुवत खडक झिजून गेला आणि या भिंती उघड्या पडल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. तापीला साधारण समांतर धावणाऱ्या अशा दोनशेहून अधिक डाइकांचा नंदुरबार-धुळे पट्टा भूशास्त्राच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. प्रस्तरारोहण शिकू पाहणाऱ्या खानदेशी मुलामुलींनाही तो तितकाच परिचित व्हावा, अशी माझी इच्छा आहे. या विद्येत शिरण्याची पहिली वाट दगडाच्या ओळखीतून जाते, आणि तो दगड आपल्या दारात आहे.

बेसाल्टचा कडा दुरून एकसंध वाटतो. जवळ गेल्यावर त्यातले थर दिसू लागतात. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या केलेल्या असतात, आणि दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा लाल, भुसभुशीत पट्टा सापडतो. घट्ट भाग उभा राहतो, ठिसूळ भाग झिजून त्याचा उतार होतो, आणि त्या उतारावर घसारा साचतो. नवख्याला उभ्या कातळाची भीती वाटते आणि उतार सोपा वाटतो. पण आमच्या भागात पाय घसरतो तो बहुधा या घसाऱ्यावरच. उभ्या कातळावर धोका वेगळा असतो. थंड होताना खडकाला तडे गेलेले असतात, त्यामुळे भलामोठा दिसणारा धोंडा नुसता टेकलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक पकडीवर भार टाकण्याआधी तळहाताने थाप मारून पाहावी. खणखणीत आवाज आला तर पुढे जावे, बद्द आवाज आला तर ती पकड सोडून द्यावी. डाइकमध्ये तर आणखी जपावे लागते. तो दोन्ही बाजूंनी थंड होत आलेला असल्यामुळे त्याचे खांब आडवे पडतात आणि भिंत सरपण रचून ठेवावे तशी दिसते. पकडी भरपूर मिळतात, पण एखादा ओंडका सुटूनही येतो. अशी पकड खाली दाबून वापरावी, बाहेर ओढू नये.

हे ज्ञान इथे नवे नाही. पितळखोऱ्याच्या आणि अजिंठ्याच्या कारागिरांनी याच खडकाला हात घातला होता. पितळखोऱ्यात तो ठिसूळ लागला, आणि त्या लेण्यांची पडझड आजही पाहता येते. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात कण्हेरगडाच्या अंगावर लेणी आहेत. साक्री तालुक्यात भामेरच्या डोंगरात दालने खोदलेली आहेत. फारुकी राजवटीचा लळिंग किल्ला धुळ्यापासून आठ-दहा किलोमीटरवर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून उभा आहे. पहिल्या रविवारी लळिंगलाच जा. कुठेही दोर न लावता, रुळलेल्या वाटेने चढा आणि वाटेत थर ओळखत राहा: घट्ट भाग कुठे आहे, पोकळ्या कुठे दिसतात, पाण्याची टाकी कोणत्या थरात खोदली आहेत. या एका दिवसाला मी फार महत्त्व देतो. मात्र लेणी, तटबंदी आणि बुरूज हे पाहण्यासाठी आहेत. त्यांच्यावर चढाईचा सराव करू नये आणि तिथे मेख तर कधीच ठोकू नये.

डोंगर चढण्याची आपली स्वतःची परंपराही आहे. सातपुड्यात अस्तंबा शिखर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आहे. दरवर्षी दिवाळीत हजारो आदिवासी भाविक, त्यांत पुष्कळ तरुण, रात्रीच्या अंधारात त्या अश्वत्थाम्याच्या यात्रेला चढतात. दोर आणि हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा) यांच्या पुष्कळ आधीपासून पायांना वाट ठाऊक असलेली ही माणसे आहेत. त्यांच्या चालीकडे नीट पाहा. छोटी पावले, पूर्ण टेकलेला तळवा, आणि धाप लागण्याच्या आधी धरलेली संथ लय. कातळावर शिकवतात ते याच्या फार पुढचे नसते.

कारण चढाईत भार पायांनी पेलायचा असतो. ‘माझ्या हातात ताकद नाही, मला जमेल का?’ हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. हातांचे काम मुख्यतः तोल सांभाळण्याचे आहे. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी कातळावर असावेत, चौथा हलवावा. डोळे पुढच्या खोबणीपेक्षा पुढच्या पावठीवर ठेवावेत. हात डोक्याच्या वर ताणून लटकत राहिलेला धडधाकट माणूस काही मिनिटांत थकतो, आणि पायांवर उभा राहायला शिकलेली बारीक चणीची मुलगी शांतपणे वर जाते. हे पुन्हा पुन्हा पाहायला मिळते.

सुरुवात जमिनीलगत करावी. कमरेएवढ्या उंचीवर, दोराशिवाय, मोठ्या धोंड्यावर आडवे सरकत जाण्याचा सराव अनेक आठवडे पुरतो. त्यानंतर टॉप रोप. यात दोर वरच्या भक्कम अँकरमधून, म्हणजे कातळाला पक्क्या केलेल्या आधारातून, आलेला असतो आणि खाली उभा असलेला जोडीदार बिले देतो, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सतत आवरत राहतो. पाय सुटला तरी माणूस फार खाली येत नाही. स्वतः दोर नेत वर जाण्याचा, म्हणजे लीड क्लाइंबिंगचा, विचार पहिल्या हंगामात नको. अँकर लावणे हे तर केवळ अनुभवी माणसाचेच काम आहे.

दोराबद्दल थोडे कठोरपणे सांगतो. विहिरीचा नाडा, ट्रकवर बांधायची दोरी किंवा बाजारातली नायलॉनची सुतळी चढाईला चालत नाही. चढाईचा डायनॅमिक दोर पडणाऱ्याच्या भाराखाली ताणला जातो आणि धक्का शोषतो. न ताणणारा दोर माणसाला धरील, पण त्या झटक्याने कंबर आणि अँकर दोन्हींवर घातक ताण येईल. हेल्मेट प्रत्येकाने घालायचे, खाली उभ्या असलेल्यानेसुद्धा, कारण दगड त्याच्याच डोक्यावर येतो. जमिनीवरून पाय उचलण्याआधी दोघांनी एकमेकांचे हार्नेसचे बक्कल, आठाची गाठ, बिलेचे साधन आणि कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, लॉक हात लावून तपासायचे. दोघांची रोजची ओळख असली, घाई असली, तरी तपासायचे.

शिकण्याच्या सोयी आता पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. १९५४ साली दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था निघाली, १९६५ साली उत्तरकाशीची. तिथला प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. मुंबईची गिरिविहार ही संस्थाही १९५४ची. २०१६ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवरच्या चढाईची, जागतिक स्पर्धा झाली, आणि टोकियोत चढाईच्या खेळाला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंतींवर सराव करता येतो. जळगाव-धुळ्याच्या मुलांनी सुट्टीत तिथे जाऊन तंत्र पक्के करावे आणि मग घरच्या कातळावर यावे. मनमाडजवळची हडबीची शेंडी दुरून पाहताना तिच्यावर चढावेसे वाटणे स्वाभाविक आहे. तो सुळका जाणत्यांच्या सोबतीने, दोर आणि अँकर यांची सवय झाल्यावरच हाती घ्यावा. अशा जागी उतरणे चढण्याइतकेच कौशल्याचे असते, आणि दमलेल्या माणसाच्या चुका उतरतानाच होतात.

आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि काळा दगड हात लावू देत नाही. कड्यावर आग्यामोहोळ दिसले तर त्या दिवशी तो कडा सोडून द्यायचा. धूर, अत्तर, आरडाओरडा काहीही तिथे नको. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. जवळच्या गावात आपण कुठे जातो आहोत आणि कधी परतणार हे सांगून निघावे. तिथली माणसे वाट सांगतात, पाणी कुठे आहे ते सांगतात, आणि वेळेला मदतीला पहिली तीच येतात.

पुढचे प्रकरण गाठींचे आहे. ते वाचायला बसताना दोन मीटर दोर जवळ घ्या आणि आठाची गाठ, डोळे मिटूनही बांधता येईपर्यंत, पुन्हा पुन्हा बांधा व सोडा.