जुनेपणा कसा घडवतात : पॅरिसचं बुइयों आणि न्यूयॉर्कचं बाल्थाझार

फ्रेंच रेस्टॉरंट ‘जुन्या वळणाचं’ करून द्या, असं काम डिझायनरकडे आलं की यादी जवळजवळ ठरलेली असते. वेलीसारखी वळणारी अक्षरं, डाग पडलेले आरसे, पितळी दांड्या, लांब पांढरा एप्रन घातलेले वेटर. ही यादी आली कुठून, ते आज आपण बघू. त्यासाठी लोगोकडे नाही, आधी एका खाटकाकडे जावं लागतं.

बातिस्त-अदोल्फ द्युवाल हा पॅरिसमधला खाटीक. १८५०च्या दशकात त्याने मांस आणि त्याचा रस्सा, म्हणजे ‘बुइयों’, बाजारातल्या कष्टकऱ्यांना स्वस्तात खाऊ घालायला सुरुवात केली. पदार्थाचं नाव पुढे खाणावळीलाच चिकटलं. द्युवालच्या शाखा वाढल्या, आणि सगळीकडे वाढणाऱ्या बायकांचा पोशाख एकच. रन्वारने १८७५च्या सुमारास यातल्याच एका वेट्रेसचं चित्र काढलं; ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. ‘ब्रँड आयडेंटिटी’ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी ती गोष्ट एका एप्रनमध्ये होती, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

पुढचं नाव शार्तिए. १८९६ साली दोन भावांनी फोबुर मोंमार्त्र रस्त्यावर काढलेलं बुइयों, अजून चालू आहे. १९८९पासून ती वास्तू संरक्षित आहे. आत गेलात तर भिंतीला लाकडी खणांचे छोटे कप्पे दिसतील. नेहमीची गिऱ्हाइकं आपला नॅपकिन त्यात ठेवून जायची. डोक्यावर रेल्वेच्या डब्यात असते तशी पितळी फळी, हॅट आणि सामान ठेवायला, कारण खाली जागाच नाही. अनोळखी माणसंसुद्धा एकाच टेबलावर बसवतात. बिल वेटर टेबलावरच्या कागदावर लिहितो आणि तिथेच बेरीज करतो. आता बघा, यातली एकही गोष्ट ‘शोभा’ म्हणून आलेली नाही. गर्दी, घाई आणि कमी पैसे, या तीन अडचणींची ती उत्तरं आहेत.

अक्षरांचं मात्र थोडं वेगळं. १९००च्या सुमारास गिमारने मेट्रोची प्रवेशद्वारं घडवली, त्याच सुमारास जॉर्ज ओरियोलच्या अक्षरांचे खिळे पेन्यो यांच्या फाउंड्रीने बाजारात आणले. ती त्या दिवसांतली ताजी फॅशन होती. आज आपण ज्याला जुनं म्हणून वापरतो, ते वापरणाऱ्यांनी नवं म्हणून लावलं होतं. डिझायनर हे विसरतात, बरं का.

आता न्यूयॉर्क. १९९७ साली कीथ मॅकनॅली या इंग्रज माणसाने सोहो भागात, चामड्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या जुन्या जागेत, ‘बाल्थाझार’ उघडलं. वळण ब्रासरीचं, म्हणजे मूळच्या बिअरघराचं. आरसे जुनाट करून लावले. भिंतींना वर्षानुवर्षांच्या सिगारेटच्या धुराने यावा तसा पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिला. २००३पासून न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटांत धूम्रपानाला बंदी आहे. भिंत पिवळी ती पिवळीच.

याला खोटं म्हणावं का? आम्ही म्हणणार नाही. नाटकाचा सेट खोटा नसतो. पण सेटमध्ये कोण बसतं, हा प्रश्न उरतो. बाल्थाझारच्या मेनूतल्या किमती मजुराच्या खिशाच्या नव्हेत. उलट पॅरिसमध्ये २०१७ साली उघडलेल्या ‘बुइयों पिगाल’ने चेहरा जुन्या वळणाचा ठेवला आणि स्वस्त दरही जुन्या रिवाजाने ठेवले. आमच्या मते बुइयोंची खरी ओळख ती किंमत होती, आरसा नंतरचा.

आपल्याकडची गोष्ट फार लांब नाही. व्हिएन्नाच्या टोनेटने १८५९ साली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची काढली. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून ती जगभर गेली. पॅरिसच्या कॅफेत त्याच घराण्याची खुर्ची, आणि मुंबईच्या इराण्याकडेही. ब्रून-मस्का खाणाऱ्या गिरणी कामगारापासून वकिलापर्यंत सगळे त्याच खुर्चीवर टेकायचे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात २०१० साली इराणी कॅफेच्या धर्तीवर ‘डिशूम’ सुरू झालं. २०१३ साली चालत जाण्याच्या अंतरावर बाल्थाझारचीही शाखा उघडली.