प्रोग्रॅमेबल लॉजिक डिव्हाइस

प्रोग्रॅमेबल लॉजिक डिव्हाइस, संक्षेपाने पीएलडी, ही अंकीय मंडले उभारण्यासाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक चिप होय. साध्या लॉजिक चिपचे कार्य कारखान्यातच ठरलेले असते. पीएलडीचे कार्य मात्र ती वापरणारा अभियंता नंतर ठरवतो. पीएएल, सीपीएलडी आणि एफपीजीए हे तिचे प्रमुख प्रकार आहेत.

इतिहास

पूर्वी अंकीय यंत्रे अँड, ऑर, नॉट अशा गेटांच्या अनेक लहान चिप एका सर्किट बोर्डवर जोडून तयार करीत. आराखड्यात चूक आढळल्यास बोर्डवरील जोडण्या बदलाव्या लागत. १९७८ मध्ये मोनोलिथिक मेमरीज या अमेरिकी कंपनीने पीएएल ही चिप बाजारात आणली. तिच्यातील सूक्ष्म फ्यूज वितळवून नको असलेल्या जोडण्या तोडल्या जात. वितळलेला फ्यूज पुन्हा जोडता येत नसे. १९८४ मध्ये आल्टेराने अतिनील किरणांनी पुसून पुन्हा वापरता येणारी चिप आणली. १९८५ मध्ये झायलिंक्सने एक्ससी२०६४ ही पहिली व्यापारी एफपीजीए सादर केली. तिची मूळ कल्पना कंपनीचे सहसंस्थापक रॉस फ्रीमन यांची होती. तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक होते.

रचना

एफपीजीएतील मूलभूत घटक म्हणजे लुकअप टेबल. चार आदानांच्या टेबलात १६ संभाव्य स्थितींची उत्तरे साठवलेली असतात. प्रत्येक उत्तर ० किंवा १ असल्याने एकच टेबल ६५,५३६ वेगवेगळी तार्किक कार्ये करू शकते. टेबलासोबतचा फ्लिप-फ्लॉप एक बिट लक्षात ठेवतो. या घटकांना जोडणारे मार्गही प्रोग्रॅम करता येतात.

आराखड्याचे टप्पे

मंडलाचे वर्णन व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषांत लिहितात. हे लेखन संगणकाच्या प्रोग्रॅमसारखे दिसत असले, तरी त्यातील सूचना एकामागून एक पार पडत नाहीत. त्यातून उभे राहणारे मंडल एकाच वेळी सर्वत्र कार्यरत असते. नवशिक्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका हा भेद न उमगल्याने होतात.

वर्णनाची प्रथम संगणकावर आभासी चाचणी घेतात. नंतर सॉफ्टवेअर त्याचे गेट व फ्लिप-फ्लॉप यांत रूपांतर करते, त्यांना चिपवर जागा देते आणि जोडमार्ग आखते. शेवटी कालविश्लेषण होते. घड्याळाची वारंवारता १०० मेगाहर्ट्झ असेल, तर एका फ्लिप-फ्लॉपपासून दुसऱ्यापर्यंत संकेत १० नॅनोसेकंदांच्या आत पोहोचला पाहिजे. तसे न झाल्यास तर्कदृष्ट्या निर्दोष मंडलही चुकीची उत्तरे देते.

उपयोग आणि मर्यादा

दूरसंचार, वैद्यकीय उपकरणे आणि संशोधन या क्षेत्रांत एफपीजीए वापरतात. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीत संकेतांवर प्रक्रिया करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

बहुतेक एफपीजीएंची जोडणी एसरॅम स्मृतीत असल्याने वीज जाताच ती पुसली जाते व पुन्हा भरावी लागते. अवकाशातील किरणोत्सारामुळे त्या स्मृतीतील एखादा बिट उलटला, तर मंडलच बदलते. म्हणून उपग्रहांत तेच मंडल तिहेरी उभारून बहुमताचे उत्तर ग्राह्य धरण्याची पद्धत आहे. एकच उपकरण लाखोंच्या संख्येने बनवायचे असल्यास खास त्यासाठी घडवलेली चिप स्वस्त पडते. मात्र तिच्यात राहिलेली चूक मागाहून दुरुस्त करणे सहसा शक्य नसते.