एफडीच्या व्याजातून कापलेला टीडीएस परत कसा मिळवाल? पेन्शनधारक बुजुर्गांसाठी माहिती

वरोरा, माजरी, भद्रावती भागात वेकोलिच्या खाणी, आयुध निर्माणी, एसटी आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले अनेक बुजुर्ग आपल्या समाजात आहेत. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम बहुतेकांनी बँकेत मुदत ठेवीत, म्हणजे एफडीत ठेवलेली असते. पासबुकात कधीतरी ‘टीडीएस’ अशी नोंद दिसते आणि पैसे कमी झालेले असतात. ‘सरकारने टॅक्स घेतला, आता काय करणार’ म्हणून घरचे गप्प बसतात. पण टीडीएस हा शेवटचा टॅक्स नाही, ती आगाऊ कपात आहे. वर्षाच्या हिशेबात टॅक्स शून्य निघत असेल, तर कापलेली पूर्ण रक्कम परत मिळते. मात्र ती मागावी लागते.

बँक टीडीएस का कापते?

तुमची एकूण कमाई किती, हे बँकेला माहीत नसते. ती फक्त आपल्याकडचे व्याज पाहते. १ एप्रिल २०२५ पासून ६० वर्षे व त्यापुढील व्यक्तीसाठी एका बँकेतील एफडी व आरडीचे व्याज वर्षाला १ लाख रुपयांपेक्षा जास्त झाले तर टीडीएस कापला जातो. आधी ही मर्यादा ५० हजार होती. ६० पेक्षा कमी वयासाठी आता ५० हजार आहे. मर्यादा ओलांडली की वरच्या रकमेवर नाही, तर पूर्ण व्याजावर १० टक्के कपात होते. पॅन दिला नसेल किंवा आधारशी लिंक नसल्याने निष्क्रिय झाला असेल, तर २० टक्के.

सहकारी बँका आणि पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांनाही हा नियम आहे. साध्या बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत. एफडीचे व्याज मुदत संपल्यावर मिळणार असले, तरी दरवर्षी जमा होणाऱ्या व्याजावर कपात होते. त्यामुळे ‘व्याज हातात आले नाही, तरी पैसे कसे कापले?’ असा प्रश्न अनेकांना पडतो.

एक उदाहरण

समजा, एका ६८ वर्षांच्या चाचांना दरमहा ९,००० रुपये पेन्शन आहे. वर्षाचे झाले १,०८,०००. बँकेत १६ लाखांची एफडी आहे, ७ टक्क्यांनी व्याज १,१२,०००. बँकेने ११,२०० रुपये टीडीएस कापला. एकूण उत्पन्न २,२०,०००. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ या वर्षी ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. म्हणजे ११,२०० रुपये पूर्ण परत मिळायला हवेत. ही रक्कम जवळपास सव्वा महिन्याच्या पेन्शनएवढी आहे.

उत्पन्न ४ लाखांच्या वर पण १२ लाखांच्या आत असेल, तरी सवलतीमुळे टॅक्स शून्य होतो. जमीन किंवा शेअर विक्रीचा नफा असेल तर हिशेब वेगळा होतो, तेव्हा जाणकाराला विचारावे.

परत मिळवण्याची पद्धत

बँकेत भांडून उपयोग नाही. एकदा सरकारकडे भरलेला टीडीएस बँक परत देऊ शकत नाही. त्यासाठी आयकर विवरणपत्र, म्हणजे रिटर्न भरावे लागते.

१. बँकेकडून फॉर्म १६ए आणि व्याजाचा दाखला घ्या. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस आणि एआयएस उघडून कपात आपल्याच पॅनवर दिसते का, ते बघा. जोड खात्यात कपात पहिल्या नावाच्या पॅनवर जाते.

२. रिफंड ज्या खात्यात हवा, ते खाते पोर्टलवर पडताळून घ्या. नाव पॅनप्रमाणे असावे.

३. पेन्शन आणि व्याज एवढेच उत्पन्न असेल तर आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’ फॉर्म पुरतो. त्यात सर्व बँकांचे व्याज दाखवा, टीडीएस कापला नसेल त्याचेही. ८० वर्षांवरील व्यक्ती हा फॉर्म कागदावरही भरू शकते.

४. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करा. हे राहिले तर रिटर्न भरलेच नाही असे धरतात.

२०२५-२६ चे रिटर्न ३१ जुलै २०२६ पर्यंत भरायचे आहे. उशीर झाला तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. वेळेत भरल्यास रिफंडवर एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते.

जुन्या वर्षांचे पैसे

मुदत गेली म्हणजे सगळे बुडाले असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत विलंब माफीचा अर्ज करता येतो. उशिराचे खरे कारण, जसे आजारपण, कागदांसह द्यावे लागते. या रकमेवर व्याज मिळत नाही. ‘अपडेटेड रिटर्न’ भरून रिफंड मागता येत नाही, त्या सल्ल्यात फसू नका. खातेदाराचा इंतकाल झाला असेल तर कायदेशीर वारस पोर्टलवर नोंदणी करून त्यांच्या नावाने रिफंड मागू शकतो.

पुढे कपातच होऊ नये म्हणून

ज्यांचा टॅक्स शून्य आहे, त्यांनी दरवर्षी एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत घोषणापत्र द्यावे. २०२५-२६ पर्यंत ६० वर्षांवरील लोक फॉर्म १५एच आणि त्याखालील १५जी देत होते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, म्हणून बँकेत चालू वर्षाचाच फॉर्म मागा आणि पोच घ्या. खोटी घोषणा करणे गुन्हा आहे.

‘सुदाचा पैसा आहे, जाऊ द्या’

आपल्या अनेक घरांत हे ऐकू येते. भावना समजण्यासारखी आहे. पण व्याज तुम्ही वापरा किंवा वाटून टाका, आयकर खाते ते तुमचेच उत्पन्न धरते. अनेक उलेमा व्याजाची रक्कम सवाबची नियत न ठेवता गरजूंना द्यायला सांगतात. तसे करणाऱ्यांनी रिफंड सोडला, तर तेवढी रक्कम गरजूपर्यंत पोहोचतच नाही. मसला आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा, पण हक्काची रक्कम आधी मागून घ्या.

शेवटी एक खबरदारी. ‘रिफंड मंजूर झाला, लिंक दाबा’ असे मेसेज येतात. लिंक दाबू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. खोट्या वजावटी दाखवून मोठा रिफंड काढून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहा. नोटीस त्याला नाही, अब्बांच्या नावाने येते. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी एक संध्याकाळ काढून अम्मी-अब्बांचे पासबुक आणि २६एएस जुळवून बघावे.